उघडं अंग, तापीच्या घळी आणि खुला परवाना: तुमचं काय मत?

गिरणाकाठचा (धागाकर्ता)

विषय नाजूक आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं यांचे फोटो काढतो. पोट त्यावरच चालतं. लगीनसराई संपली की कॅमेरा घेऊन तापीच्या काठाने नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याने हिंडतो. त्यातून एक मालिका उभी राहत आलीय: माणसाचं अंग आणि आपली जमीन. पाठ, खांदे, मान, पोटऱ्या, तळपाय, पोटावरच्या वळ्या. काही फोटोंत अंगावर काहीच नाही, बऱ्याच फोटोंत धोतर, लुगडं, लंगोट असं काही ना काही आहे. चेहरा जवळपास कुठेच नाही.

तापीकाठच्या घळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना कळेल मला काय दिसतं ते. पुरांनी आणून टाकलेली पिवळी माती, पावसाने ती कापत नेलेली, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की प्रत्येक कंगोऱ्याला सावली. अशा एका घळीच्या तोंडाशी माझा पैलवान मित्र पाठमोरा बसलाय. त्याच्या पाठीचा कणा आणि मागची घळ एका रेषेत आलीत. नाटकात काम करणारी एक मैत्रीण पाण्याने गुळगुळीत झालेल्या काळ्या खडकावर आडवी आहे, खडक कुठे संपला आणि खांदा कुठे सुरू झाला ते पटकन सांगता येत नाही. सत्तरीच्या एक मावशी आहेत, अजून शेतात राबतात. त्यांचे फक्त हात घेतलेत. कोपरापर्यंत गोंदण आणि नखांत काळी माती. माझ्या मते सगळ्या मालिकेत सर्वांत उघडा फोटो तोच आहे.

आता मुद्दा. हे फोटो मला गॅलरीत टांगून ठेवायचे नाहीत. आपल्याकडे गॅलऱ्या आहेत तरी किती? मला ते मोकळे सोडायचेत. कुणीही उतरवून घ्यावेत, छापावेत, त्यावरून चित्रं काढावीत. इथल्या चित्रकलेच्या पोरांसमोर फिगर ड्रॉइंगसाठी काय असतं? प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे, नाहीतर इंटरनेटवरची जिममध्ये घडवलेली गोरी अंगं. कापूस वेचून वाकलेली पाठ, केळीचे घड वाहून एका बाजूला झुकलेला खांदा यांना कागदावर जागाच मिळत नाही. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा सीसी-झिरोखाली सोडल्या, म्हणजे घ्या आणि काहीही करा, विचारायचीही गरज नाही. त्यांच्याकडची न्यूड्सही त्यात आली. मग आपण का नको?

तर सांगा: परवाना (फोटो इतरांनी कसे वापरायचे याची लेखी मुभा) कोणता द्यावा, फोटो कुठे ठेवावेत, आणि गावात दाखवावेत की नाही. 'मार खाशील' हे उत्तर घरून मिळालेलं आहे, ते सोडून बोला.

---

केळीबाग_रावेर

परवान्यातलं आपल्याला कळत नाही. पण केळीत शूट करणार असशील तर ऐक. बागेत आत शिरलं की ऊन पानातून गाळून येतं आणि ते हिरवं असतं. गव्हाळ अंगावर तो रंग चढला की माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. ग्रे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लावलास तरी पुरता जात नाही, कारण एका खांद्यावर पानातलं ऊन आणि दुसऱ्यावर मोकळं आभाळ. बांधावर ये, सकाळचं आडवं ऊन घे, नाहीतर सरळ कृष्णधवल कर.

आणि चीक! ताज्या कापलेल्या खोडाला, देठाला उघडी पाठ टेकवू देऊ नको. कपड्यावरचा डाग तर कपडा फाटला तरी निघत नाही.

---

पारोळ्याचे_आप्पा

आमच्या लहानपणी बोरी नदीवर सगळी पोरं उघडीच पोहायची. कुणी फोटो काढला नाही, कुणाचं अडलं नाही. आता पाठीचा फोटो काढायचा, त्याला कला म्हणायचं आणि वर फुकट वाटायची. ही सगळी तिकडची थेरं. आधी स्वतःच्या घरच्यांचे काढा, मग लोकांच्या पोरीबाळींकडे वळा.

---

जुना_रोलवाला

आप्पा, 'तिकडची थेरं' तिकडेही थेरंच ठरली होती. इमोजेन कनिंगहॅम या बाईने १९१५ मध्ये माउंट रेनियरच्या बर्फात आपल्या नवऱ्याचे विवस्त्र फोटो काढले. सिएटलमध्ये एवढा गहजब झाला की तिने त्या निगेटिव्ह कितीतरी वर्षं बाहेर काढल्या नाहीत. पुरुषाचं अंग, आणि तेही बाईच्या नजरेतून, हे जास्त झोंबलं असावं असा माझा कयास. तिच्याही आधी ॲन ब्रिगमन कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात वाऱ्याने पिळवटलेल्या झाडांमध्ये स्वतःला उभं करत होती. कॅमेरा तिचा आणि अंगही तिचंच. एडवर्ड वेस्टनचे १९३६ मधले कॅलिफोर्नियातल्या ओशनोच्या वाळूवरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मला त्याच्यापेक्षा बिल ब्रँट आवडतो. दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर वाइड लेन्स अंगाच्या इतकी जवळ नेतो की कोपराचा डोंगर होतो. आणि फिनलंडमध्ये जन्मलेला आर्नो मिंकिनेन १९७० च्या दशकापासून स्वतःचंच अंग पाण्यात, बर्फात, झाडांत ठेवून फोटो काढतोय, जोडाजोडी न करता.

धागाकर्त्याला माझा पहिला सल्ला यातूनच: काही फोटोंत तू स्वतः उतर. खडक किती टोचतो ते कॅमेऱ्यामागून कळत नाही.

आता 'मोकळे सोडावेत का' याबद्दल. भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे, १८७९ सालची. हा माणूस १८४४ पासून अजिंठ्याच्या भिंतींवरच्या चित्रांच्या तैलरंगात नकला करत बसला होता, वर्षानुवर्षं. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. त्या नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून बऱ्याच गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत, आणि दोन्ही वेळेला सगळं एकाच इमारतीत. तेव्हा हजार ठिकाणी हजार प्रती ठेवायची सोय असती तर आज आपण काय काय बघत असतो!

आपल्याच चाळीसगावचे केकी मूस घ्या. १९१२ चा जन्म, इंग्लंडला शिकून आलेला माणूस, आणि जवळजवळ सगळं आयुष्य स्टेशनजवळच्या त्या एका बंगल्यात काढलं. १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले. खानदेशच्या उन्हात टेबलावर बर्फाळ देखावे रचून फोटो काढायचे! ते घर आजही बघायला मिळतं, अवश्य जा. पण नंदुरबारच्या एखाद्या पोराला ते बघायचं तर अर्धा दिवस गाडीत घालवावा लागतो. म्हणून म्हणतो, सोड मोकळे.

---

वकिलीण_धुळे

घाई नको. आधी थोडा कायदा. कंटाळवाणा आहे पण पुढे उपयोगी पडेल.

नग्न म्हणजे अश्लील असं कायदा म्हणत नाही. २०१४ च्या अवीक सरकार निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुनी हिक्लिन कसोटी (सुटा तुकडा घेऊन कमकुवत मनावर त्याचा काय परिणाम होईल ते पाहणारी) बाजूला ठेवली. प्रकरण टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या विवस्त्र फोटोचं होतं. न्यायालयाने म्हटलं की चित्र संपूर्ण पाहायचं, संदर्भासकट पाहायचं, आणि आजच्या समाजाच्या मापाने पाहायचं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही कस्टम्सने अश्लील म्हणून अडवलेली चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं सोडायला लावली. जुन्या भारतीय दंड संहितेचं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय (१ जुलै २०२४ पासून), आणि कला, विज्ञान, साहित्यासाठीची सूट त्यातही आहे. पण ही सूट खटल्यात सिद्ध करावी लागते. म्हणजे तोवर तारखा तुमच्याच.

शूटिंगच्या जागेचं वेगळं. सार्वजनिक जागी कुणाला त्रास होईल असं अश्लील वर्तन, हे कलम २९६. जाणाऱ्या-येणाऱ्याने तक्रार केली की पोलीस आधी ठाण्यात नेतात, कलेची चर्चा नंतर. खासगी शेत असेल तर मालकाला काय शूट होणार ते स्पष्ट सांगून परवानगी घ्या. यावल अभयारण्यात वनखात्याच्या परवान्याशिवाय शिरू नका. पितळखोऱ्यासारख्या संरक्षित लेण्यांत साधा ट्रायपॉड लावायलाही परवानगी लागते, तिथे हा विचारच नको. अठराच्या आतलं कुणीही फोटोत नको, नुसती पाठ असली तरी नको. यावर चर्चा नाही.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. न्याय संहितेचं ७७ वं कलम चोरून पाहण्याबद्दल आणि चित्रण करण्याबद्दल आहे. त्याच्या स्पष्टीकरणात असं आहे की बाईने फोटो काढायला संमती दिली पण तो इतरांना दाखवायला दिली नाही, तरी तो पसरवणं गुन्हा आहे. म्हणजे काढायची संमती वेगळी आणि वाटायची वेगळी. संमतीपत्र मराठीत करा, प्रत्येक फोटोची छोटी छाप त्यावर चिकटवा, त्या छापेवर सही घ्या. 'सर्व छायाचित्रे' असं मोघम लिहू नका.

जाता जाता: लग्नाचे फोटो तुम्ही पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढता, तेव्हा वेगळा करार नसेल तर त्यांचा कॉपीराइट सहसा काम देणाऱ्याचा असतो. ही मालिका मात्र तुमची, म्हणून परवाना द्यायचा हक्कही तुमचा. पण हक्क तुमचा असला तरी अंग तुमचं नाही.

---

काळीमाती

भाऊ, फोटू भारी व्हतीन यामा शंका नही. पन माले एक सांग, गावमा दखाडशी का नही? इंटरनेटवर टाकीसन सगळं जग दखी, आन ज्या मावशीना हात शेतस तिनीच दखाना नही, आशे नको व्हवाले.

---

पारोळ्याचे_आप्पा

वकीलबाईंचं पटलं. बाकीच्यांचं नाही.

---

पोथीवाला

'तिकडचं' म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते आणि मुखपृष्ठावर विवस्त्र चित्रं छापत होते. मराठी मासिक, मराठी संपादक, मराठी वाचक. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरोधात गेला, दंड झाला, तरी मासिक बंद पडलं नाही. ही भांडणं आपल्या घरातही जुनीच आहेत.

आणि अजिंठा तर जळगावहून दोन तासांवर. आपल्या शाळांच्या सहली तिथेच जातात. भिंतीभर उघडी अंगं आहेत, कुठल्या मास्तरांनी पोरांचे डोळे झाकले?

---

नंदुरबारची_सिस्टर

पोथीवालादादा, अजिंठ्याचा दाखला दर वेळी दिला जातो म्हणून बोलते. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या बाईला सासर नाही, कॉलनी नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. तिचा फोटो कापून, वर दुसरा मजकूर चिकटवून कुणी तिच्या भावाला पाठवत नाही. माझ्या ओपीडीत ज्या मुली येतात त्यांच्यासाठी 'फोटो बाहेर गेला' हे वाक्य म्हणजे काय, ते मी जवळून पाहते. चेहरा नाही म्हणता, पण गोंदण ओळखू येतं, तीळ ओळखू येतो, भाजल्याचा डाग ओळखू येतो. गावात पाठीवरूनसुद्धा माणूस ओळखतात.

दुसरं. आपल्या भागात उघड्या अंगाचे फोटो आधीच ढिगाने आहेत, फक्त ज्यांची अंगं आहेत त्यांना कुणी विचारलेलं नाही. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. पालनी धरलेले लोक अंगभर पांढरे ठिपके काढून, कमरेला घुंगरं, भोपळे बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचतात. तो नवस आहे, व्रत आहे. आणि समोर फोटोग्राफरांची रांग. पहाटेच्या उजेडासाठी काही जण चक्क 'थांबा, परत नाचा' सांगतात, मी कानाने ऐकलंय. मग तेच फोटो कॅलेंडरवर, हॉटेलच्या भिंतीवर, स्पर्धेत. खाली लिहिलेलं 'आदिवासी नर्तक'. नाव नाही, गाव नाही. शहरातल्या मॉडेलचा खांदा उघडा असला की संमतीपत्र, आणि पावरा-भिलांच्या पोराची छाती उघडी असली की संस्कृती. हा कुठला न्याय?

म्हणून माझा प्रश्न 'मोकळं सोडावं का' हा नाहीच. कुणाचं मोकळं सोडतोय आणि त्याला उद्या 'नको' म्हणता येईल का, तेवढं सांगा.

(आणि पावसाळ्यानंतर सातपुड्यात उघड्या अंगाने बसवणार असाल तर खाजकुयली ओळखायला शिका. शेंगेवरची लव लागली तर पाण्याने चोळू नका, आणखी पसरते. गाजरगवताची ॲलर्जी असलेले लोक तर पुष्कळ आहेत, आधी विचारून घ्या. वैशाखात काळा खडक दुपारी चटके देतो, त्यावर कुणाला आडवं करू नका.)

---

विकीवाला_चोपडा

सिस्टरताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही म्हणता येणार.

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे मोकळ्या वापराचे तयार परवाने, सीसी-झिरो त्यातलाच. यातला कुठलाही एकदा दिला की मागे घेता येत नाही. तुम्ही स्वतःच्या पानावरून फोटो काढून टाकू शकता, पुढे नवा परवाना देणं थांबवू शकता, पण ज्याने आधी घेतला त्याच्या हातात तो परवाना कायम राहतो. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने हीच त्याची ताकद आहे, आणि अंगाच्या फोटोच्या बाबतीत हीच अडचण. पुन्हा हा परवाना फक्त कॉपीराइटपुरता असतो. फोटोतल्या व्यक्तीचे खासगीपणाचे हक्क त्यात येत नाहीत, पण वापरणारे ते वाचतात कुठे?

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रभांडारात) टाकायचे असतील तर 'व्यावसायिक वापर नको' किंवा 'बदल नको' अशी अट चालत नाही. तिथे बीवाय (फक्त नाव द्या), बीवाय-एसए (नाव द्या, आणि बदलून पुढे दिलंत तर याच परवान्याखाली द्या) किंवा सीसी-झिरो. म्हणजे साबणाच्या जाहिरातीत वापरला तरी तुम्ही परवान्याच्या नावाने अडवू शकत नाही. आता एआयवाले तर सगळं उचलून नेतात, तेही धरून चला. मी स्वतः कट्टर खुल्या परवान्याचा माणूस आहे, आपल्या गावांचे, देवळांचे, पिकांचे शेकडो फोटो तिथे टाकलेत. पण पितळखोऱ्याचा यक्ष आणि जिवंत माणूस यांना मी एक नियम लावणार नाही.

त्या यक्षाचा विषय निघालाच आहे तर: तो ठेंगणा, ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कारागिराने नाव कोरलंय, कण्हदास, पेशाने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वी चाळीसगावच्या डोक्यावरच्या डोंगरात कुणीतरी आपलं नाव अंगावर लिहून ठेवलं. ज्याच्या ढेरीवरून ते अंग कोरलं असेल त्याचं नाव मात्र गेलं.

---

गिरणाकाठचा

एकेकाला उत्तर देतो.

आप्पा, घरच्यांपासूनच सुरुवात आहे. एका फोटोत विहिरीच्या थारोळ्यात पाठमोरे बसलेले माझे वडील आहेत. त्यांनी फोटो पाहून एवढंच विचारलं, 'मान एवढी काळी आहे का माझी?'

वकीलताई, छापेवर सही ही कल्पना उचलतोय. शूट आतापर्यंत ओळखीच्या शेतांत आणि नदीच्या मोकळ्या पट्ट्यातच आहे. प्रकाशा, चांगदेव, मुडावद असे देवाचे संगम पहिल्यापासून वगळलेत, तिथे लोक अंघोळीला येतात ते वेगळ्या कारणाने.

सिस्टर, काठीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तिथले फोटो या मालिकेत नाहीत आणि येणारही नाहीत. पण एका ठिकाणी मी वेगळा विचार करतो. 'उद्या नको म्हणता आलं पाहिजे' हा नियम सगळीकडे लावला तर अंगाचं एकही चित्र कधीच सार्वजनिक होणार नाही. मग जे उरेल ते फक्त चोरून काढलेलं आणि विकलेलं. आज इंटरनेटवर खानदेशातल्या बाईचं अंग शोधलं तर काय सापडतं ते तुम्हालाही माहीत आहे. त्याच्यासमोर गोंदलेले दोन हात ठेवायचे आहेत मला.

---

नंदुरबारची_सिस्टर

ठेवा ना. पण गोंदलेल्या हातांच्या मावशींना 'परत घेता येत नाही' हे कुणी समजावून सांगितलं? 'परवाना' म्हणजे त्यांना दारूच्या दुकानाचा वाटेल.

---

जुना_रोलवाला

हा हा! सिस्टरताई, बरोबर. माझा 'सोड मोकळे' थोडा आवरता घेतो. चित्रं जळू नयेत म्हणून प्रती हव्यात हे खरं, पण प्रत कुणाच्या कपाटात ठेवायची हे ठरवता येतं. सगळंच चौकात ठेवायला हवं असं नाही.

---

रानजाई

खडकावरची खांदेवाली मी. वरचं सगळं वाचलं. माझ्याबद्दल बरंच बोलून झालंय, आता मी बोलते.

कुणी फसवून नेलेलं नाही. मी नाटकात पंधरा माणसांच्या घोळक्यात कपडे बदलते, अंगाची लाज मला वेगळ्या ठिकाणी वाटते. शूटच्या वेळी माझ्या दोन अटी होत्या: सोबत माझी मैत्रीण येणार, आणि प्रत्येक फोटो मी तिथल्या तिथे स्क्रीनवर बघणार. नको ते मी स्वतः बटण दाबून उडवले. चेहरा नको म्हणाले कारण मी शाळेत शिकवते, आणि पालक-सभेत मला माझ्या खांद्यांवर चर्चा नकोय. त्यात लाजेचा काही संबंध नाही.

सिस्टरताईंची काळजी मला कळते, पण ताई, 'बिचारी' या खुर्चीत मला बसवू नका. भीती मलाही आहे. ती आहे म्हणूनच मी विचारून, मोजून, बघून हो म्हटलंय.

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती कुणीच काढली नाही. खुल्या परवान्यात नाव द्यावं लागतं, ते कुणाचं? फोटो काढणाऱ्याचं. जगभर फोटो फिरेल तेव्हा खाली 'छायाचित्र: अमुक' येईल. उन्हात खडकावर तासभर न हलता पडून राहिले मी, आणि मी 'मॉडेल'. पैसे नाहीत हे ठीक, कुणालाच मिळणार नाहीत. पण काम माझंही आहे. मला नाव हवं, खरं नाही, 'रानजाई' एवढंच. पैलवानालाही विचारा. मावशींना तर विचाराच, त्या खरं नावसुद्धा देतील, त्यांना कुणाच्या बापाची भीती नाही.

आणि हो, रोलवालेकाका म्हणाले ते करा. पुढच्या वेळी कॅमेरा मी धरणार, खडकावर तुम्ही.

---

विकीवाला_चोपडा

रानजाईताई, हे करता येतं. परवान्याच्या ४.० आवृत्तीत निर्मात्यासोबत आणखी कुणाचं नाव द्यायला हवं ते धागाकर्ता नेमून देऊ शकतो, टोपणनावही चालतं. मग वापरणाऱ्याने वाजवी रीतीने दोन्ही द्यायची. आमच्याकडे सहसा कुणी करत नाही, कारण कुणी मागितलेलंच नसतं.

---

पारोळ्याचे_आप्पा

पोरगी रोखठोक आहे. मला फोटो बघायचा नाही, पण तिचं म्हणणं रास्त वाटलं.

---

गिरणाकाठचा

रानजाई, दोन्ही मान्य. नावंही आणि खडकही.

वाचून जे ठरवतोय ते असं. सगळी मालिका एका परवान्याखाली जाणार नाही. ज्याचं अंग त्याने आपापल्या फोटोचं ठरवायचं. वडिलांचा फोटो बीवाय-एसए, ते म्हणाले 'कुणाला लागला तर घेऊ दे'. पैलवान म्हणतो पाठ घ्या, लंगोटाचा नको. मावशींकडे उद्या परवा जाईन. परवाना बिरवाना न म्हणता सांगेन की हा फोटो कुणाच्याही घरी जाऊ शकतो आणि परत आणता येणार नाही. त्या नाही म्हणाल्या तर नाही. जे फोटो खुले करायचे नाहीत त्यांच्या छापील प्रती चित्रकलेच्या पोरांना बसून काढायला देईन, फाइल नाही. सोशल मीडियावर एकही टाकणार नाही. तिथे संगमरवरी पुतळा चालतो, पण खऱ्या बाईची छाती दिसली की यंत्र उडवतं, आणि उरलेल्याखाली कमेंटी वाचवत नाहीत.

गावात दाखवायचं मात्र अजून ठरत नाही. हॉल मिळणार नाही हे गृहीत धरलंय.

---

केळीबाग_रावेर

सारंगखेड्याच्या यात्रेत लाव. घोडे बघायला एवढी गर्दी येते, माणसाची पाठ पण बघतील.

---

वकिलीण_धुळे

यात्रेत नको हो. तिथे फोटोचा फोटो काढून पाच मिनिटांत जिल्हाभर होईल, आणि तुमच्या संमतीपत्रात ते कुठेच नसेल. छोट्या जागी, दाराशी मोबाइल ठेवून घेऊन दाखवा.

---

काळीमाती

भाऊ, आम्हना खळामा ये. गावना बाहेर शे, कोनी आडवाव नही. दोरी बांधू, चिमट्या लाऊ, कापड लटकाडू. पयले बायका दखतीन, मंग मानसं. मोबाइल मी गोळा करस, मना आवाज मोठा शे. फक्त आठवडे बाजारना दिवस नको, त्या दिशी खळामा कापूस मोजाना ऱ्हास.

---

नंदुरबारची_सिस्टर

बायका आधी ही अट मला आवडली. मी येते. मावशींना आणायला गाडी पाठवा, उन्हात चालत आणू नका.

---

गिरणाकाठचा

काळीमातीभाऊ, व्यनि (खासगी निरोप) केलाय, खळ्याची लांबी-रुंदी कळव. फ्लेक्सवर छापणार नाही, अंगाचा रंग प्लॅस्टिकवर मेल्यासारखा दिसतो. मांजरपाटावर छापून बघायचा विचार आहे. धुळ्यात किंवा मालेगावात कापडावर मोठी छपाई करणारा कुणी माहीत असेल तर सांगा, गव्हाळ रंग तांबडा न करता छापणारा पाहिजे.